न असलेले साप हाकलणारा संत

आळशी_वाचक (धागाकर्ता)

परवा १७ मार्चला आमच्या ऑफिसातला एक नवा पोरगा पोपटी टी-शर्ट घालून आला. "आज सेंट पॅट्रिक्स डे ना, सर!" कोण रे हा, असं विचारलं तर म्हणाला, "आयर्लंडचा संत. बीअरवाला."

बीअरवाला संत म्हटल्यावर झोप उडाली. रात्री जेवणं आटोपून वाचायला बसलो ते दोन वाजले. बायको दोनदा येऊन बघून गेली. आता वाचलंच आहे तर इथे ओततो.

दंतकथा अशी की याने आयर्लंडातले सगळे साप हाकलले आणि तिनपानी हिरव्या पाल्यावरून लोकांना देव समजावला. हा गृहस्थ पाचव्या शतकातला. आयर्लंडात लिहिलं गेलेलं सगळ्यात जुनं जे लिखाण आज हाती आहे, ते याचं. दोन लॅटिन मजकूर. एकात आपली कैफियत, दुसरं एका लुटारू सरदाराच्या माणसांना लिहिलेलं जळजळीत पत्र. या दोन्हींत सापाचा स नाही, हिरव्या पाल्याचा प नाही, बीअरचा ब तर नाहीच नाही. बरं, हा माणूस आयरिशही नव्हता. रोमन अमलाखालच्या ब्रिटनमधल्या खात्यापित्या घरातला. बाप चर्चमध्ये डीकन (पाद्र्याच्या खालची पायरी) आणि वर गावचा कारभारी, आजोबा पाद्री. घरात एवढा देवधर्म, पण चिरंजिवांना देवाशी काही देणंघेणं नव्हतं. हे तो स्वतःच सांगतो.

सोळाव्या वर्षी आयरिश चाच्यांनी पळवून नेला. सहा वर्षं गुलामीत मेंढ्या राखल्या. तिथे मात्र देव आठवला. दिवसाला शंभर प्रार्थना, रात्री जवळपास तेवढ्याच, त्याही पावसापाण्यात आणि बर्फात. मग एका रात्री झोपेत आवाज आला की तुझं जहाज तयार आहे. जहाज कुठे? दोनशे मैलांवर. गडी चालत गेला. कप्तान म्हणाला, चल फूट. हा प्रार्थना करत माघारी वळतो तोच मागून हाक आली, ये बाबा ये, घेतो तुला.

पुढची गंमत ऐका. त्या काळी दोस्तीची शपथ म्हणून एकमेकांची छाती चोखायची पद्धत असावी. पॅट्रिक लिहितो की मी देवाला भिऊन तेवढं केलं नाही. हे त्याने लिहून ठेवायची काय गरज होती, देव जाणे. पण माणूस असा आहे, काही म्हणजे काही लपवत नाही.

तीन दिवसांनी किनाऱ्याला लागले, आणि मग अठ्ठावीस दिवस ओसाड मुलखातून पायपीट. अन्नाचा कण नाही. कप्तान टोमणा मारतो, "काय रे, तुझा देव मोठा ना? मग माग की त्याच्याकडे काहीतरी!" हा प्रार्थना करतो आणि समोरून डुकरांचा कळप येतो. दोन रात्री सगळे हाणतात. बरोबरची कुत्रीसुद्धा पोटभर जेवली, हे तो आवर्जून सांगतो.

शेवटी घरी पोचला. घरचे म्हणाले, बाळा, आता कुठेही जाऊ नकोस. आणि याच्या स्वप्नात व्हिक्टोरिकस नावाचा माणूस पत्रांचा गठ्ठा घेऊन हजर. त्या पत्रांतून आयरिश लोक हाका मारतायत, पोरा, परत ये. ज्यांनी पळवून नेलं, त्यांच्याकडे! आणि हा खरंच गेला. बिशप होऊन.

एवढी भन्नाट खरी गोष्ट असताना साप कुणी आणले? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठी_खवट

वाचनीय. पण 'पाचवं शतक' म्हणून सुटू नका. साल सांगा.

आळशी_वाचक

खवटराव, तिथेच तर घोळ आहे. आयरिश बखरी आल्याचं साल ४३२ देतात आणि मेल्याची सालं दोन: ४६१ आणि ४९३. त्याआधी ४३१ मध्ये पोपने पॅलेडियस नावाचा बिशप आयर्लंडला धाडला होता, ही नोंद मात्र पक्की आहे. पुढे दोघांच्या गोष्टी एकमेकींत कालवल्या गेल्या. १९४२ साली ओ'राहिली नावाच्या विद्वानाने भाषण ठोकलं की पॅट्रिक एक नव्हे, दोन! डब्लिनमध्ये बरीच आदळआपट झाली म्हणतात.

कीर्तनप्रेमी

हे वाचून हसू आवरेना. 'ज्ञानदेव एक की दोन' हा आपला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा वाद! आळंदीचे वेगळे आणि आपेगावचे वेगळे म्हणून 'सुधारक' पत्रात काय धुरळा उडाला होता. जगात कुठेही जा, संत मोठा झाला की त्याचे दोन होतात.

सापांचं म्हणाल तर हे बाराव्या शतकाच्या आसपासच्या चरित्रकारांचं काम. चमत्कारांची सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधी झाली. पॅट्रिक गेल्यावर दोनशे वर्षांनी मुर्खू आणि तिरेखान या दोघांनी त्याची चरित्रं लिहिली. (मुर्खू हे खरंच नाव आहे, कोणी हसू नये.) म्हणजे नामदेव-ज्ञानदेवांच्या कथा महिपतीबुवांकडून ऐकण्यातला प्रकार. फरक एवढाच की महिपतीबुवांचे संत शांत. मुर्खूचा पॅट्रिक भयंकर तापट. राजाच्या एका मांत्रिकाने श्रद्धेची टवाळी केली, तर याने प्रार्थना करून त्याला हवेत उचललं आणि खाली आपटून डोकं फोडलं. आपल्याकडे चांगदेव वाघावर बसून आले, तर ज्ञानदेवांनी नुसती भिंत चालवली. कुणाला खरचटलं तरी का?

पेठी_खवट

भिंतीखालच्या मुंग्यांना विचारलंत का?

कीर्तनप्रेमी

खवटराव, दंडवत घ्या. _/\_

सर्पमित्र_नाना

सापांचा विषय निघाला म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं.

आयर्लंडात साप नव्हतेच, तर हाकलणार काय? हिमयुगात ते बेट बर्फाखाली होतं. बर्फ वितळल्यावर साप दक्षिणेकडून हळूहळू वर सरकले. ब्रिटनपर्यंत पोचले, म्हणून तिथे आज सापांच्या तीन देशी जाती आहेत. आयर्लंडच्या वाटेवर तोवर समुद्र पसरला होता. त्या बेटावरचा सरपटणारा देशी प्राणी म्हणजे एकुलती एक पाल, तीही अंडी न घालता थेट पिल्लं देणारी. समुद्राचं श्रेय पॅट्रिकच्या खात्यात जमा झालं.

आणि हे काही आधुनिक विज्ञानाने लावलेले दिवे नाहीत. सोलिनस नावाच्या रोमन लेखकाने तिसऱ्या शतकातच लिहून ठेवलंय की त्या बेटावर साप नाही. म्हणजे पॅट्रिक जन्मायच्या आधी! बाराव्या शतकातला जेराल्ड नावाचा पाद्रीसुद्धा म्हणतो, गोष्ट गोड आहे, पण मुळात तिथे साप नसावेतच. पाद्रीच असं म्हणतोय, आता आपण काय बोलणार.

कीर्तनकार मंडळी साप म्हणजे जुन्या श्रद्धा, रूपक आहे हो, असं सांगतील. असेल. पण आमच्या बत्तीस शिराळ्याला पॅट्रिक आला असता तर नागपंचमीला गावाने त्यालाच परत पाठवला असता.

डब्लिनची_शेवंता

नऊ वर्षं डब्लिनात आहे, त्यामुळे हा धागा माझा!

पहिली सूचना सगळ्यांना. इथे 'सेंट पॅटीज डे' म्हणू नका. पॅडी म्हणा, कारण आयरिशमध्ये पाड्रिग. पॅटी म्हटलं की इथले लोक असे बघतात, जसं कुणी 'पुणेरी' वडापाव अस्सल म्हटल्यावर दादरकर बघतो. पॅटीस बेकरीत मिळतं, संत चर्चमध्ये.

दुसरं, बीअर. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या लहानपणी १७ मार्चला पब कायद्याने बंद! १९२७ पासून ते साधारण १९६० पर्यंत हा ड्राय डे होता. दिवसभर चर्च, घरी जेवण, कोटाला हिरव्या पानांची जुडी खोचलेली, बस्स. पळवाट एकच. डब्लिनच्या बॉल्सब्रिजला त्या दिवशी कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं आणि तिथल्या बारला परवानगी होती. त्यामुळे त्या एका दिवसापुरतं अर्ध्या शहराला कुत्र्यांचं प्रचंड वेड लागायचं. आजी म्हणतात, आमच्या बाबांना कुत्रा आणि बकरी यातला फरक कळत नव्हता, पण एक वर्ष चुकवलं नाही.

मोठा मिरवणूक-तमाशा हा अमेरिकेचा. न्यूयॉर्कला १७६२ मध्ये मिरवणूक निघाली, डब्लिनची सरकारी मिरवणूक १९३१ ची. घरचा सण परदेशातून पॉलिश होऊन परत आला. आपल्या ढोलताशा पथकांचंही आता अमेरिकेत बघून इथे तसंच होणार, बघाच.

उंटावरचा_शहाणा

आणि शिकागोची नदी? ती हिरवी करतात ती कशी?

डब्लिनची_शेवंता

ती प्लंबरांची करणी. शिकागोच्या प्लंबर युनियनवाले सांडपाणी कुठून गळतंय ते शोधायला एक रंग वापरायचे. एका प्लंबरचे कपडे हिरवे झालेले बघून युनियनच्या पुढाऱ्याला वाटलं, अख्खी नदीच रंगवली तर? १९६२ मध्ये पहिल्यांदा शंभर पौंड टाकला. नदी आठवडाभर हिरवी राहिली. मग प्रमाण कमी केलं आणि पुढे वनस्पतीजन्य भुकटी आली. पुडीत नारिंगी दिसते, पाण्यात पडली की हिरवी.

पेठी_खवट

आमच्या मुळा-मुठेला हा खर्च नाही. बारा महिने जलपर्णीने हिरवी असते, तेही कुठल्याही संताविना.

आळशी_वाचक

खवटराव फॉर्मात आहेत.

हिरव्यावरून आठवलं. मुळात पॅट्रिकचा रंग निळा! १७८३ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याच्या नावाने सरदारांचा मानाचा पंथ काढला, त्याचा रंग निळा. हिरवा नंतर आयरिश राष्ट्रवादाबरोबर वर आला.

आणि ते तिनपानी शॅमरॉक, ज्यावरून त्याने म्हणे पिता-पुत्र-पवित्र आत्मा समजावला, ती गोष्ट सतराव्या-अठराव्या शतकाच्या आधी कुठे लिहिलेली सापडत नाही. हजारावर वर्षांनी बाबांच्या हातात कुणीतरी पान दिलं.

कीर्तनप्रेमी

त्रिदलं त्रिगुणाकारं! आमच्याकडे आला असता तर बेलाचं पान हातात घेतलं असतं आणि लोक म्हणाले असते, हे आम्हाला आधीच माहीत आहे, पुढचं बोला.

शेतकरी_गडी

ते शॅमरॉक म्हणजे नेमकं कुठलं झाड? फोटोत तर आमच्या म्हशीचा बरसीम घास दिसतोय.

डब्लिनची_शेवंता

दादा, तुम्ही आयर्लंडच्या सगळ्यात जुन्या भांडणात पाय ठेवलात. १८९३ मध्ये कोलगन नावाच्या वनस्पतीप्रेमीने देशभरातून लोकांना 'खरं शॅमरॉक' पाठवायला सांगितलं. लोकांनी शपथेवर वेगवेगळी झाडं पाठवली. बहुतेक पिवळ्या फुलाचं बारकं क्लोव्हर, काही पांढऱ्या फुलाचं, काही आणखीच. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुन्हा तीच चौकशी केली तरी मतभेद कायम. बरसीम त्याच भाऊबंदकीतला, त्यामुळे तुमची म्हैस रोज शॅमरॉकच खाते असं समजायला हरकत नाही.

शेतकरी_गडी

म्हशीला सांगतो. दूध वाढलं तर कळवतो.

मालवणी_मेस्त्री

आमका इसारलात? आयर्लंडचो माजी पंतप्रधान लिओ वराडकर, बापूस आमच्या मालवणाजवळच्या वराडचो डॉक्टर! दरवर्षी १७ मार्चाच्या सुमाराक आयर्लंडचो पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षाक शॅमरॉकची वाटी देता. ती चाल १९५२ पासूनची, ट्रुमनाक तेंच्या राजदूतान पेटी धाडल्यानी तेव्हापासून. २०१८ त वराडचो झील व्हाइट हाऊसात जावन ट्रंपाक पानां देवन इलो. पॅट्रिक भायलो, लिओचो बापूस भायलो. आयर्लंडाक भायल्या माणसांशिवाय चलना नाय.

डब्लिनची_शेवंता

मेस्त्रीकाका, १०० टक्के! आणि त्यांच्या पदाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात 'टीशॉक'. पहिली दोन वर्षं मला वाटायचं लोक शिंकतायत. २०२० मध्ये तर ते त्याच दौऱ्यावर वॉशिंग्टनला असताना तिथूनच देशातल्या शाळा बंद केल्याची घोषणा केली. कोव्हिडची आमची पहिली आठवण शॅमरॉकच्या आठवड्यातली आहे.

कीर्तनप्रेमी

बाहेरचा देव आपला होणं आपल्याला नवं आहे का? 'कानडा हो विठ्ठलु' आपण टाळ्या वाजवत म्हणतो.

सडेतोड

सगळे हसण्यावारी नेत आहात. मिशनरी म्हणजे धर्मांतर. त्याबद्दल कोणी बोलणार आहे का?

आळशी_वाचक

बोलू की. सडेतोडजी, मीही वाचताना तेच शोधत होतो. याच्यामागे फौज नव्हती, साम्राज्य नव्हतं. रोमन ब्रिटनमधून केव्हाच गेले होते. प्रत्येक टोळीच्या राजाला पैसे चारून वाट काढावी लागायची, वर राजपुत्रांना पगारी सोबती म्हणून न्यायचं. न्यायाधीशांना दिलेल्या पैशांचा हिशोब तो 'पंधरा माणसांची किंमत' असा मांडतो. बायका भक्तीने दागिने वेदीवर टाकायच्या, हा परत करायचा, त्या रुसायच्या. आणि ज्यांनी आरोप केले त्यांना म्हणतो, मी कुणाकडून बुटाच्या किमतीएवढंही घेतलं असेल तर सांगा, परत करतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खजिनदार उभा राहून बोलतो ना, अगदी तो सूर.

आरोप करणारे कोण? त्याचीच ब्रिटनमधली वरिष्ठ पाद्री मंडळी. पंधराव्या वर्षी याने काहीतरी पाप केलं होतं. काय ते सांगत नाही. डीकन होण्याआधी ते जिवलग मित्राच्या कानात सांगितलं. मित्राने तीस वर्षांनी सगळ्यांसमोर काढलं! चमत्कारी चरित्रांत हे असं काही मिळत नाही.

संपादक

चर्चा विषयाला धरून चालू आहे, तशीच राहू द्या. सध्याच्या राजकारणावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

वसईचा_बावतीस

मी वसईचा ख्रिस्ती. आमच्याकडे १७ मार्च नेहमी उपवासकाळात येतो, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यामुळे लहानपणी बीअर सोडाच, मटणसुद्धा नसायचं. पॅट्रिकला पोपने रीतसर संत ठरवलं असंही नाही. ती पद्धत नंतरची. लोकांनी मानलं, झालं.

उपवासावरून मला सगळ्यात आवडलेली दंतकथा सांगतो. क्रो पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंच डोंगर आहे, जुलैच्या शेवटच्या रविवारी आजही लोक चढतात, काही अनवाणी. त्यावर पॅट्रिक चाळीस दिवस उपाशी बसला. देवदूत आला, म्हणाला, इतके आत्मे तुला सोडवून दिले, आता उतर. हा म्हणतो, नाही, अजून. देवदूत वाढवतो. हा म्हणतो, उतरत नाही. मग पुढच्या मागण्या. परक्या सॅक्सनांनी, म्हणजे इंग्रजांनी, आयर्लंड कधी बळकावू नये. मान्य. जगबुडीच्या सात वर्षं आधी आयर्लंड समुद्रात बुडावं, म्हणजे शेवटचे हाल बघावे लागणार नाहीत. मान्य. आणि शेवटच्या निवाड्याला आयरिश लोकांचा न्याय देवाने नव्हे, मी करीन. देवदूत म्हणतो, हे काही मिळायचं नाही. हा म्हणतो, मग मीही हलत नाही. शेवटी तेही मान्य. दादरच्या भाजीमंडईत माझी आजी अशीच घासाघीस करायची, आणि कोथिंबीर फुकट घेऊनच निघायची.

कीर्तनप्रेमी

बावतीसभाऊ, ही घासाघीस नाही, हे धरणं! जुन्या आयरिश कायद्यात खरंच ही सोय होती. ज्याने तुमचं देणं थकवलंय त्याच्या दारात उपाशी बसायचं. हेन्री मेन या कायदेपंडिताने एकोणिसाव्या शतकातच ते आणि आपलं धरणं शेजारी ठेवून दाखवलं होतं. पॅट्रिकने थेट देवाच्या दारात धरणं धरलं.

पेठी_खवट

सॅक्सनांबद्दलची मागणी मान्य होऊनही पुढे काय झालं ते इतिहासात आहेच. देवदूताचं आश्वासन, निवडणुकीचा जाहीरनामा.

उंटावरचा_शहाणा

ते राजाच्या पायाचं कोणीच सांगितलं नाही? कॅशेलला राजा एंगसचा बाप्तिस्मा चालू होता. पॅट्रिकने आपल्या काठीचं टोकदार टोक जमिनीत रोवलं, ते राजाच्या पावलातून आरपार. राजा हू की चू नाही. विधी संपल्यावर रक्त दिसलं. "अरे, बोलला का नाहीस?" राजा म्हणतो, "मला वाटलं हा विधीचाच भाग आहे."

लग्नात भटजी सांगतील ते करणारा प्रत्येक नवरदेव मला या राजात दिसतो.

वसईचा_बावतीस

पुण्यात एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिकचं कॅथेड्रल आहे, कुणी गेलंय का? ब्रिटिश फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई बरेच होते, त्यांच्यामुळे हे नाव पुण्यापर्यंत आलं. आज ते पुणे धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे.

पेठी_खवट

रोज तिथून जातो. संत आयरिश आहे हे आज कळलं. म्हणजे नाही हे कळलं.

रानवाटा

उशिरा आले. सगळे हसतायत म्हणून थोडं दुसरंही लिहिते. धागाकर्त्यांनी ज्या पत्राचा ओझरता उल्लेख केला, ते सरदार कोरोटिकसच्या शिपायांना लिहिलेलं. त्यांनी नुकताच बाप्तिस्मा झालेल्या माणसांवर धाड घातली. पांढरे कपडे अंगावर, कपाळावरचं तेल अजून वाळलेलं नाही. काहींना कापलं, उरलेल्यांना गुलाम म्हणून विकलं. पॅट्रिकने आधी एक पाद्री पाठवून माणसं परत मागितली, तर ते हसले. मग त्याने हे पत्र लिहिलं आणि सगळ्यांनी ते जाहीर वाचावं असं सांगितलं. लुटारूही नावाचे ख्रिस्तीच होते, आणि तो म्हणतो, यांच्याबरोबर जेवू नका. स्वतः सहा वर्षं विकला गेलेला माणूस आहे तो. त्या पत्रात त्याचं लॅटिन अडखळत नाही असं मला वाटलं. की रागावल्यावर सगळ्यांचीच भाषा सुधारते?

आणि कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरही १७ मार्चला सुट्टी असते. तिथले मळेवाले बरेचसे आयरिश. १७६८ मध्ये तिथल्या गुलामांनी बंडासाठी हाच दिवस निवडला, कारण मालक सणाच्या नशेत असणार. बेत फुटला, लोकांना फाशी दिलं. आज सुट्टी आहे ती त्यांच्या आठवणीची.

आळशी_वाचक

रानवाटाताई, हे माझ्या वाचनातून निसटलं होतं. सोमवारी ऑफिसात त्या पोपटी टी-शर्टवाल्याला माँटसेराटचं सांगणार आहे. आधी त्याला चहा पाजतो.

शेतकरी_गडी

दूध तेवढंच आहे.